मऊ आर्मर पहिल्यांदा घेताना: लेबल, घरची चाचणी आणि अंगावरची बसणी

आघात शोषणाऱ्या मऊ पॅडशी बहुतेकांची पहिली ओळख एकाच प्रकारच्या व्हिडिओतून होते. बोटाभोवती केशरी रबरासारखी पट्टी, वरून हातोड्याचा टोला, आणि बोट शाबूत. खाली ओळ: "एरवी मऊ, मार बसताच कडक." मग खरेदीला गेलं की डी३ओ, पोरॉन एक्सआरडी, व्हिस्कोइलॅस्टिक, नॉन-न्यूटोनियन, लेव्हल २ असे शब्द अंगावर येतात आणि नवखा माणूस हाताला सगळ्यात छान लागलेलं पॅड उचलून मोकळा होतो.

मोटरसायकल, स्केटिंग, डोंगरी सायकलिंग किंवा स्कीइंगसाठी असं पॅड पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पॅडची जाडी मोजणं, लेबलं उलगडणं, क्लेवर गोळे टाकून पाहणं या सगळ्यातून मी गेलो आहे; त्यात जो क्रम सोयीचा वाटला तोच खाली दिला आहे. माझं मत आधीच सांगतो. तुम्हाला वाचवते ती पॅडची जाडी, धक्का लांबवण्याची त्याची ताकद आणि पडण्याच्या क्षणी त्याचं जागेवर असणं. रसायनाची करामत याला मदत करते, याची जागा घेत नाही.

१. "कडक होतं" हे वाक्य बाजूला ठेवा

पॅड खरोखरच पूर्ण कडक झालं, तर ते निरुपयोगी ठरेल. कडक वस्तू धक्का जसाच्या तसा पुढे हाडाकडे पाठवते. वेगाने येणारा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच काम पॅडला करायचं असतं: थांबायला थोडं अंतर द्यायचं आणि थोडा जास्त वेळ द्यायचा.

हे आकड्यांत पाहिलं की डोक्यात पक्कं बसतं. पाच किलोचं वजन एक मीटरवरून सोडलं, तर खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर आणि ऊर्जा जवळपास ५० ज्यूल असते. मोटरसायकलच्या पॅडच्या युरोपीय चाचणीत हेच ५० ज्यूल वापरतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. हे वजन थांबायला १० मिलिमीटर मिळाले, तर सरासरी बल होतं ५० भागिले ०.०१, म्हणजे ५,००० न्यूटन, अर्थात ५ किलोन्यूटन. पाचच मिलिमीटर मिळाले तर १० किलोन्यूटन.

हा हिशेब आदर्श पॅडचा आहे. असं पॅड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जोराने विरोध करतं आणि दबून दबून त्याची जाडी शून्य होते असं त्यात मानलं आहे. खरं पॅड तेवढं कधीच दबत नाही आणि त्याचा विरोधही एकसारखा नसतो, त्यामुळे खरे आकडे याच्या बरेच वर जातात. खाली मात्र कुठलंही रसायन जाऊ शकत नाही. सहा मिलिमीटरचं पॅड दाखवून कुणी वाटेल तेवढ्या संरक्षणाचं वचन देत असेल, तर एवढा एक भागाकार मनातल्या मनात करा.

मग या 'हुशार' मटेरियलचा उपयोग काय? साधा मऊ फोम घ्या. तो पहिल्या क्षणी जवळजवळ विरोधच करत नाही, पटकन दबून तळाला जातो आणि मग सगळा मार एकदम पोचतो. टणक फोम उलट पहिल्यापासूनच जास्त जोर लावतो, शिवाय गुडघा वाकवताना टोचतो. वेगानुसार वागणूक बदलणारं मटेरियल या दोघांच्या मधली वाट काढतं: सावकाश वाकवलं तर वाकतं, वेगाने दाबलं तर जाडीभर जवळपास सारखा विरोध करत दबत जातं आणि बरीच ऊर्जा उष्णतेत जिरवतं. म्हणजे मिळालेले मोजके मिलिमीटर ते वाया घालवत नाही. याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: असं पॅड अंगावर जाचत नाही, त्यामुळे माणूस ते घरी ठेवून जात नाही.

२. आत काय आहे ते ढोबळमानाने ओळखा

रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, पण चार कुळं माहीत असलेली बरी.

पहिलं कूळ व्हिस्कोइलॅस्टिक पॉलियुरेथेन फोमचं. दाबून सोडला की हळूहळू मूळ आकारात येणारा मेमरी फोम याच घराण्यातला. तो १९६६ मध्ये नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांसाठी केलेल्या कामातून आला. रॉजर्स कॉर्पोरेशनचा पोरॉन एक्सआरडी हाही युरेथेन फोमच. यातल्या लांबलचक रेणूंना सरकायला वेळ लागतो. तुम्ही सावकाश दाबता तेव्हा त्यांना तो मिळतो. धडक काही मिलिसेकंदांत आटोपते, तेव्हा मिळत नाही.

दुसरं कूळ बोरॉन घातलेल्या सिलिकॉनचं. १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधले जेम्स राइट कृत्रिम रबराच्या शोधात होते. सिलिकॉन तेलात बोरिक ॲसिड मिसळल्यावर त्यांना एक विचित्र लगदा मिळाला: ठेवून दिला तर पसरणारा, आपटला तर उसळणारा, झटक्याने ओढला तर तुटणारा. पुढे तो सिली पुट्टी या नावाने खेळणं म्हणून खपला. नुसत्या लगद्याचं पॅड होत नाही, कारण तो वाहत जातो. त्याला फोमच्या जाळीत कोंडलं की आकार टिकतो. डी३ओ याच वाटेने आलं. रिचर्ड पामर यांनी १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये ही कंपनी काढली आणि २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिका व कॅनडाच्या स्कीपटूंच्या पोशाखांत हे मटेरियल दिसलं. तेव्हापासून ते सगळीकडे आहे.

तिसरं कूळ घट्ट होणाऱ्या द्रवांचं. यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या सहजी न सुकणाऱ्या द्रवात मिसळतात आणि ते मिश्रण केव्हलार या अतिशय मजबूत धाग्याच्या कापडात मुरवतात. डेलावेअर विद्यापीठातले नॉर्मन वॅग्नर आणि अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतले एरिक वेट्झेल यांच्या गटाने २००३ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे काम मुख्यतः गोळी आणि टोकदार शस्त्रांविरुद्धच्या कापडासाठी आहे. गुडघ्याच्या पॅडच्या जाहिरातीत "लष्करी तंत्रज्ञान" म्हणून याचा उल्लेख आला, तर तो बहुधा दुसऱ्याच गोष्टीचा भाव खाण्यासाठी असतो.

चौथ्या कुळात करामत रसायनाची नसून आकाराची असते: मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे, जाळ्या, किंवा ऑक्झेटिक फोम. हा फोम ओढला की बारीक होण्याऐवजी उलट रुंदावतो. रॉडरिक लेक्स यांनी १९८७ मध्ये तो करून दाखवला. हल्ली पुष्कळ पॅडमध्ये चांगलं मटेरियल आणि असा आकार दोन्ही असतात. भोकं हवा खेळण्यासाठी असतात खरी, पण पॅड कसं दबावं हेही तीच ठरवतात. म्हणून पॅड मोठं आहे म्हणून कात्रीने कापू नका, आणि हवेसाठी नवी भोकंही पाडू नका.

हे सगळं बोटांना कळावं असं वाटत असेल तर दहा मिनिटांचा प्रयोग करा. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी हळूहळू मिसळा. मक्याचं दळलेलं पिवळं पीठ चालत नाही; शुद्ध स्टार्चची पांढरी भुकटी हवी. बोट सावकाश बुडवलं तर आत जातं, ठोसा मारला तर अडतं. सावकाश हालचालीत कणांच्या मधला पाण्याचा पातळ थर टिकतो. जोरात दाबलं की तो निघून जातो, कण एकमेकांना घासतात आणि अडकून बसतात. प्रयोग झाल्यावर मिश्रण मोरीत ओतू नका. स्टार्च तळाशी बसून पाइप तुंबतो.

३. कशापासून वाचायचं आहे ते लिहून काढा

कागदावर लिहा, कारण दुकानात गेल्यावर विसरायला होतं. मऊ पॅड बोथट मारासाठी असतं: जमिनीवर आपटणं, खांद्यावर पडणं, गुडघा दगडावर बसणं. पुढच्या गोष्टींसाठी ते नसतं.

घसरणं: रस्त्यावर घासत जाताना फोम क्षणात फाटतो. ते काम वरच्या कापडाचं किंवा चामड्याचं.

टोकदार वस्तू: मऊ पॅड टोकाखाली तेवढ्याच जागी खोल दबतं. तारा, खिळे, फांदीचा टोकदार बुंधा असा धोका असेल तर बाहेरून कडक कवच आणि आतून मऊ थर असं पॅड घ्या.

डोकं: इथे प्रश्नच नाही, हेल्मेट. हेल्मेटमधला थर्माकोल एकदाच चिरडण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याची जाडी आपल्या मऊ पॅडच्या कितीतरी पट असते. टोपीत घालायचे मऊ तुकडे हेल्मेटची जागा घेत नाहीत.

वेगवान वाहन आणि छाती किंवा पाठ: थांबायला अंतर लागतं, आणि सगळ्यात जास्त अंतर अंगावर घालायची एअरबॅग देते. तिचं मानक वेगळं आहे, ईएन १६२१-४ (ईएन म्हणजे युरोपीय मानक). मऊ पॅड तिच्या आत घालता येतं, तिच्याऐवजी नाही.

४. लेबल वाचा, हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची

पॅड खिशातून बाहेर काढा. जॅकेटवर लावलेला पुठ्ठ्याचा टॅग पॅडचं लेबल नव्हे. खरी खूण पॅडवरच कोरलेली किंवा छापलेली असते. तिच्यात काय शोधायचं ते असं.

मानकाचा क्रमांक. ईएन १६२१-१ म्हणजे खांदा, कोपर, नितंब, गुडघा, नडगी. ईएन १६२१-२ म्हणजे पाठ. ईएन १६२१-३ म्हणजे छाती. ही तिन्ही मोटरसायकलस्वारांसाठीची. डोंगरी सायकलिंगची बरीच पॅडही पहिल्याच मानकावर तपासलेली असतात. रोलर स्केटिंगच्या मनगट, गुडघा आणि कोपराच्या गार्डसाठी ईएन १४१२० बघा.

लेव्हल. हाता-पायाच्या पॅडमध्ये ५० ज्यूलच्या माराला पलीकडे पोचणारं सरासरी बल लेव्हल १ साठी ३५ आणि लेव्हल २ साठी २० किलोन्यूटनच्या आत लागतं. पाठीच्या पॅडसाठी तेच आकडे १८ आणि ९. आता नीट बघा: पाठीच्या लेव्हल १ ची मर्यादा हाता-पायाच्या लेव्हल २ पेक्षाही कडक आहे. दोन्ही चाचण्यांत आघात करणाऱ्या वजनाचा आकार वेगळा असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, पण "लेव्हल २ आहे" एवढंच ऐकून खूश होऊ नये हे त्यावरून कळतं. कशाचं लेव्हल २, हे विचारा.

जागेचं अक्षर. एस खांदा, ई कोपर, एच नितंब, के गुडघा, एल नडगी. पाठीसाठी एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी मधली, एलबी कमरेकडची. खांद्याचं पॅड कोपराच्या खिशात नुसतं मावतं म्हणून घालू नका.

ए किंवा बी. हा पॅडच्या आकाराचा प्रकार आहे, दर्जाचा नाही. ए लहान भाग झाकतं, बी मोठा. दणकट बांध्याच्या माणसाने ए घेतलं तर हाडाची कडा उघडी राहते.

टी अधिक आणि टी उणे. टी अधिक म्हणजे पॅड ४० अंश सेल्सिअसलाही चाचणीत उतरलं, टी उणे म्हणजे उणे १० अंशाला. या चाचण्या ऐच्छिक आहेत, त्यामुळे कित्येक पॅडवर या खुणा नसतात. मऊ मटेरियलच्या बाबतीत मला या दोन खुणा लेव्हलइतक्याच महत्त्वाच्या वाटतात; कारण सातव्या पायरीत.

पाठीच्या पॅडवर सेंटिमीटरमध्ये एक माप असतं. ते कमरेपासून खांद्यापर्यंतचं. आधी स्वतःचं माप घेऊन जा.

आता सापळे.

पहिला सापळा: जॅकेटच्या पाठीच्या खिशात येणारा पातळ फोम. तो कित्येकदा नुसता जागा भरण्यासाठी असतो, त्यावर कुठलाच क्रमांक नसतो. जॅकेटवर "सीई" (युरोपीय नियम पाळल्याची खूण) आहे म्हणून पाठही सुरक्षित असेल असं धरू नका. कपड्यांच्या ईएन १७०९२ या मानकात पाठीचं पॅड सक्तीचं नाही. त्याच मानकातला सी वर्ग नुसती पॅड धरून ठेवणाऱ्या जाळीदार कपड्यांचा आहे. घासण्यापासून तो काहीही संरक्षण देत नाही, त्यावर दुसरं काहीतरी घालावंच लागतं.

दुसरा: "सीई टेस्टेड", "सीई मटेरियल", "लेव्हल २ फोम" अशी मोघम भाषा. प्रमाणपत्र मटेरियलला मिळत नाही, ठरावीक आकाराच्या आणि जाडीच्या तयार पॅडला मिळतं. तोच फोम अर्ध्या जाडीत कापून विकला तर आकडे बदलतात. सीई शेजारी चार अंकी क्रमांक नाही म्हणून मात्र घाबरू नका. तो क्रमांक तिसऱ्या गटातल्या, म्हणजे जिवावरच्या धोक्यांसाठीच्या साधनांवर असतो. हाता-पायाची पॅड दुसऱ्या गटात मोडतात.

तिसरा: फोनच्या कव्हरवरून केलेली तुलना. "मिल-एसटीडी-८१०" ही अमेरिकी लष्कराच्या चाचणी पद्धतीची खूण तिथे लोकप्रिय आहे. त्या पद्धतीत वस्तू १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडतात, आणि ती चाचणी झाली असं उत्पादक स्वतःच सांगतो. प्रमाणपत्र देणारी मध्यवर्ती संस्था नाही. फोनची काच आणि माणसाचा गुडघा यांचा काही संबंध नाही हे वेगळंच.

जवळ ठेवायची कागदपत्रं: पॅडसोबत येणारी माहितीपुस्तिका, लेबलचा स्पष्ट फोटो, खरेदीची पावती आणि अनुरूपतेचं घोषणापत्र, म्हणजे माल नियमांप्रमाणे असल्याचं उत्पादकाचं लेखी निवेदन. युरोपीय नियमन २०१६/४२५ प्रमाणे उत्पादकाने हे घोषणापत्र सोबत द्यावं लागतं किंवा ते कुठे मिळेल तो वेबपत्ता पुस्तिकेत छापावा लागतो. पत्ता नसेल किंवा उघडत नसेल, तर विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धतच बरंच काही सांगून जाते.

५. घरी तुलना करून पाहा

ही पायरी ऐच्छिक आहे, पण दोन पॅडमध्ये मन अडकलं असेल तर करावीच. प्रमाणपत्राला हा पर्याय नाही. आपण फक्त "हे बरं की ते" एवढंच विचारतो आहोत.

लागणारं साहित्य:
- तेलमिश्रित मॉडेलिंग क्ले, हाताच्या पंजापेक्षा मोठा आणि किमान ५ सेंटिमीटर जाडीचा थर
- ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा. तो साधारण ५१० ग्रॅम भरतो
- एक मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप, ज्यातून गोळा सैल खाली येईल
- खोली मोजता येईल असा व्हर्नियर, नाहीतर काडी आणि पट्टी
- तुलनेसाठी त्याच जाडीचा साधा फोम
- डोळ्यांसाठी गॉगल

क्ले नीट मळून, थर सपाट करून काँक्रीटच्या जमिनीवर ठेवा. लाकडी टेबल स्वतःच हलतं आणि निकाल बिघडवतं. आधी पॅडशिवाय गोळा तीन वेगवेगळ्या जागी सोडा आणि खड्ड्यांची खोली मोजा. तिन्ही जवळपास सारखे आले तरच पुढे जा. फार फरक असेल तर क्ले सारखी मळली गेलेली नाही किंवा गोळा पाइपला घासतो आहे.

मग साधा फोम ठेवून तेच करा, नंतर एकेक पॅड. प्रत्येक वेळी क्लेची नवी जागा घ्या. खड्डा जितका उथळ, तितका मार कमी पोचला. खोलीबरोबर आकारही बघा. पसरट उथळ खड्डा म्हणजे पॅडने भार पसरवला. अरुंद आणि खोल म्हणजे पॅड गोळ्याखाली तळाला गेलं.

नंतर दोन गोष्टी मुद्दाम करा. पॅडच्या एकाच जागी लगोलग दोनदा गोळा सोडा, मधे पॅड क्लेच्या नव्या जागेवर सरकवून. हळू उसळणारा फोम दुसऱ्या माराच्या वेळी अजून दबलेलाच असतो, आणि मग दुसरा खड्डा बराच खोल येतो. माणूस पडतो तेव्हा अनेकदा एकापेक्षा जास्त वेळा आपटतो, म्हणून हा निकाल माझ्या दृष्टीने पहिल्याइतकाच वजनदार आहे. दुसरं म्हणजे पॅडच्या कडेजवळ मारून बघा. मधोमध राजा असलेलं पॅड कडेला रंक निघतं.

तापमानाची तुलना करायची तर पॅड पिशवीत बंद करून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढताच चाचणी घ्या. दुसऱ्या वेळी पिशवीसकट ४० अंशाच्या कोमट पाण्यात ठेवून घ्या. क्ले मात्र दोन्ही वेळा खोलीच्याच तापमानाची हवी, कारण तीही ऊन-थंड झाली की तिचा टणकपणा बदलतो.

मर्यादा विसरू नका. अर्धा किलोचा गोळा एक मीटरवरून म्हणजे ५ ज्यूल, मानकातल्या ऊर्जेचा दहावा भाग. पाच ज्यूलला सुरेख दिसणारं पातळ पॅड पन्नासला तळाला जाऊ शकतं. फोनच्या स्लो-मोशनवरही विसंबू नका. सेकंदाला २४० चित्रं म्हणजे दोन चित्रांत चार मिलिसेकंदांचं अंतर, आणि तेवढ्यात धडकेचा बराचसा भाग उरकलेला असतो. व्हिडिओ मस्त दिसतो, मोजमाप काही मिळत नाही.

पोळ्यासारखे कप्पे असलेलं पॅड चिरडून ऊर्जा शोषणारं असेल, तर ते या चाचणीत वाया जाईल. त्यावर प्रयोग करू नका. आणि पॅड हातावर ठेवून हातोडा मारण्याचा मोह आवरा. त्या व्हिडिओंमधल्या टोल्यात किती ज्यूल होते, हे कुणीच सांगत नाही.

६. अंगावर बसवून पाहा

पॅड थंड असताना ताठ वाटतं. घालून पाच-दहा मिनिटं फिरा, अंगाच्या उष्णतेने ते नरम पडून शरीराचा आकार घेतं. मगच मत बनवा.

ज्या स्थितीत तुम्ही पडण्याची शक्यता आहे, ती स्थिती घ्या. मोटरसायकलसाठी बसून, हात हँडलवर धरल्यासारखे पुढे करून. सायकलसाठी पेडल मारत असल्यासारखे. उभं असताना गुडघ्यावर नेमकं बसलेलं पॅड बसल्यावर वर सरकतं, म्हणून उभ्याने पाहून घेतलेली पँट बहुतेकदा चुकीची निघते. ज्या पँटमध्ये गुडघ्याच्या खिशाची उंची वेलक्रोने बदलता येते, ती घ्या.

मग पॅडची कडा चिमटीत धरून बाजूला फिरवा. ते हाडावरून निसटत असेल, तर लेव्हल कितीही असो, पडताना ते तिथे नसणार. कपडा एक माप घट्ट घ्या किंवा पट्टे असलेला घ्या. सैल जॅकेटमधल्या लेव्हल २ पॅडपेक्षा घट्ट बसलेलं लेव्हल १ मी केव्हाही निवडेन.

७. थंडी आणि उष्णता यांचा विचार करा

ज्या गुणामुळे हे मटेरियल वेगाला प्रतिसाद देतं, त्याच गुणामुळे ते तापमानालाही देतं. थंडीत रेणूंची हालचाल मंदावते, त्यामुळे सावकाश दाबही त्यांना वेगवान वाटतो आणि पॅड ताठ होतं. उष्णतेत उलट: रेणू चपळ होतात, पॅड नको तेवढं नरम पडतं आणि मार बसल्यावर लवकर तळाला जातं. बर्फात वापरणार असाल तर टी उणे, कडक उन्हात तासन् तास चालवणार असाल तर टी अधिक ही खूण बघून घ्या. दोन्ही खुणा असलेली पॅड मिळतात, ती थोडी जाड किंवा जड निघाली तरी हरकत नाही.

स्कीइंगला जाताना पॅड रात्रभर गाडीत ठेवू नका. घरातून अंगावर घालूनच निघा.

८. धुणं, ठेवणं, बदलणं

कपडा धुण्याआधी पॅड काढा. पॅड साध्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन, ड्रायर, इस्त्री, पेट्रोल किंवा थिनर यांपैकी काहीही नको. पॉलियुरेथेनला ओल आणि ऊन दोन्ही हळूहळू खातात. घामेजलेलं पॅड बंद पेटीत ठेवलं तर काही वर्षांनी त्याचा भुगा होऊ लागतो. दुमडून, वर वजन ठेवून साठवू नका. परत बसवताना कुठली बाजू अंगाकडे येते ते आधी फोटो काढून ठेवा, उलटं घातलेलं पॅड फार सर्रास दिसतं.

थर्माकोलसारखं हे मटेरियल एका मारात संपत नाही, पण अमर नसतं. जोराचा मार बसल्यावर पॅड काढून वाकवा आणि भेगा शोधा. मार बसलेल्या जागेची जाडी दुसऱ्या बाजूच्या जोडीदार पॅडशी ताडून पाहा. एक दिवस उलटूनही दबलेली जागा वर आली नसेल, कडा चुरत असेल, पृष्ठभाग चिकट झाला असेल, किंवा दाबल्यावर पूर्वीपेक्षा झटकन उसळत असेल, तर बदला. काहीच दिसलं नाही तरी पुस्तिकेत दिलेली मुदत पाळा. उत्पादनाची तारीख बहुधा पॅडच्या मागच्या बाजूला छोट्या घड्याळासारख्या चक्रात कोरलेली असते: मधे वर्ष, कडेने महिने आणि बाण. दुकानात बराच काळ पडून राहिलेला माल ओळखायलाही तेच चक्र उपयोगी पडतं, तेव्हा पैसे देण्याआधी पॅड एकदा उलटं करून पाहा.